‘चालशे’ कुणी म्हणायचं?



आम्हा बडोदेकरांच्या मराठीत गुजरातीतून आलेला एक शब्द इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. ‘चालशे.’ आमटीत मीठ कमी पडलं? चालशे. रिक्षावाल्यानं दहा रुपये जास्त मागितले? चालशे. पाहुणे सांगून आले चार आणि उतरले सात? चालशे, पिठलं टाकू. या एका शब्दात केवढा समजूतदारपणा आहे! कित्येक पिढ्या या गावात आपण गोडीगुलाबीनं राहिलो, त्यात या शब्दाचाही हात असेल असं मला वाटतं.

पण ज्या कामावर माझं पोट भरलं, त्या कामात हाच शब्द सगळ्यात महागात पडतो. माझं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. लग्न होऊन हैदराबादला गेले आणि तिथे बावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे टेस्टिंगचं काम केलं. आता दोघंही निवृत्त होऊन परत बडोद्यात आलोय. या समूहात लोक वाड्यांच्या, शाळांच्या, गणपतींच्या आठवणी लिहितात आणि मी त्या आवडीनं वाचते. आज मात्र मी टेस्ट प्लॅनबद्दल लिहिणार आहे. नाव ऐकून पळू नका. आपल्यातल्याच एका मावशींच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिने निम्म्यावर आल्या, त्याची ही हकीकत आहे. आणि त्यात चूक माझी आहे.

आमची एक जुनी संस्था आहे. नाव सांगत नाही, बडोद्याचे लोक ओळखतीलच. सभासदांची नोंद, लहानसं वाचनालय, लग्नकार्याला भाड्यानं द्यायचा हॉल, आणि एक वैद्यकीय मदत निधी. या निधीतून काही एकट्या, वयस्कर माणसांना दर महिन्याला औषधापुरते पैसे बँकेत जातात. रक्कम फार नाही, पण ज्याला लागते त्याला ती लागतेच. हे सगळं वर्षानुवर्षं लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात चालायचं. नंतर मदतीची यादी तेवढी कुणीतरी एक्सेलमध्ये चढवली. मागच्या वर्षी ठरलं की आता सगळंच संगणकावर घ्यायचं.

माझ्या चुलतभावाचा मुलगा नुकताच नोकरीला लागलाय. हुशार आहे, मनानं चांगला. म्हणाला, मी करून देतो, पैसे नकोत. संध्याकाळी घरी येऊन बसायचा आणि दोन महिन्यांत त्यानं सगळं उभं केलं. उद्घाटन दसऱ्याला ठरलं होतं. आदल्या आठवड्यात माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आत्या, तू एकदा बघून घे ना. तुझं तर कामच आहे हे.”

मी बघून घेतलं. चहा पीत, एका संध्याकाळी. लॉग-इन होतंय का, चुकीचा पासवर्ड टाकला तर अडवतंय का, नवा सभासद घालता येतोय का, पावती छापली जातेय का, फोटो नीट दिसतायत का. चार-पाच बारीक चुका काढल्या, त्यानं तिथल्या तिथे दुरुस्त केल्या. चिटणीस काकांनी फोन करून विचारलं, “काय, चालशे ने?” मी म्हटलं, “चालशे, काका.”

दसऱ्याला नारळ फुटला, पेढे वाटले, माझंही कौतुक झालं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मावशी दिसल्या. आधीपेक्षा उतरलेल्या. मी सहज विचारलं, “मावशी, तब्येत बरी नाही का?” त्या म्हणाल्या, “बरी आहे गं. गोळी एक दिवसाआड घेते हल्ली. संस्थेचे पैसे येईनासे झाले ना.” मला समजेना. म्हटलं, “मग विचारलं नाहीत का कुणाला?” तर म्हणाल्या, “काय विचारायचं? वाटलं, निधी आटला असेल. दिले तोवर दिले. आपण होऊन मागायला जाणं बरं दिसत नाही.”

मी त्याच संध्याकाळी संस्थेत जाऊन बसले. मावशींचं खरं आडनाव इथे लिहीत नाही, पण कऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावांत येतो तसा तो कोयरीसारखा अर्धा र त्यात आहे. हा र संगणकात एकापेक्षा जास्त रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे टिंबवाला ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र घेऊन पाय मोडायचा आणि त्याच्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवायचं. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन निराळी नावं. मदतीची जुनी यादी एका रीतीनं टाइप झालेली होती, सभासदांची नवी नोंद दुसऱ्या रीतीनं. सॉफ्टवेअर दोन्हीकडची नावं जुळवून बघायचं आणि जे जुळेल त्याचे पैसे सोडायचं. जे जुळलं नाही ते गुपचूप गाळायचं. ना लाल अक्षरं, ना सूचना.

अशी सात माणसं गळली होती. तीन त्या अर्ध्या र मुळे. दोन बायका अशा, की संस्थेत त्यांचं नाव साधं आणि बँकेच्या पासबुकावरून घेतलेल्या यादीत गुजराती रिवाजाप्रमाणे पुढे ‘बेन’ लागलेलं. आणि दोन नावांत एका ठिकाणी आडनाव आधी, तर दुसऱ्या ठिकाणी शेवटी. सातांपैकी दोघांनी चौकशी केली होती. त्यांना उत्तर मिळालं, “नवीन सिस्टीम आहे, थोडा वेळ लागेल.” बाकीचे पाच जण मावशींसारखेच गप्प बसले.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो रडवेला झाला. पण मी त्याला दोष देत नाही. त्याला जे करायला सांगितलं ते त्यानं केलं होतं. ‘नाव सापडलं नाही तर काय करायचं’ हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते विचारणं हे माझं काम होतं. बावीस वर्षं मी तेच तर करत होते. मग घरच्या कामाला मी प्लॅन का लिहिला नाही?

खरं कारण सांगते. नोकरीत राहून राहून माझा टेस्ट प्लॅनवरचा विश्वासच उडाला होता. आमच्याकडे प्लॅन म्हणजे मागच्या प्रोजेक्टची फाइल उघडायची, नाव आणि तारीख बदलायची, वरच्यांची सही घ्यायची. एकदा तर आतल्या पानांवर जुन्या ग्राहकाचं नाव तसंच राहिलं होतं आणि तीन सह्या होऊनही कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाचलंच कुणी नव्हतं. त्यामुळे टेस्ट प्लॅन म्हणजे साहेबांसाठी करायचा कागद, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मावशींच्या गोळ्यांनी ते डोक्यातून काढलं.

टेस्ट प्लॅन म्हणजे काय, हे माझ्या शब्दांत सांगते. ‘चालशे’ कुणी म्हणायचं आणि कशावरून म्हणायचं, हे काम सुरू व्हायच्या आधी चार माणसांनी बसून लिहून ठेवलेला कागद म्हणजे टेस्ट प्लॅन. आयट्रिपलई ही अभियंत्यांची जगन्मान्य संस्था आहे. तिनं १९८३ साली ८२९ क्रमांकाचं एक मानक काढलं आणि त्यात टेस्ट प्लॅनची सोळा कलमं घालून दिली. पुढे २०१३ मध्ये आयएसओच्या २९११९ या मालिकेतल्या तिसऱ्या भागानं त्याची जागा घेतली. पण ती सोळा कलमं आजही कामाची आहेत. काय तपासायचं, काय तपासायचं नाही, कसं तपासायचं, पास-नापास कशावर ठरवायचं, तपासणी मध्येच कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, कोण करणार, कधी, कुठल्या मशीनवर, धोके कोणते, आणि शेवटी मंजुरी कुणाची. मी ज्या ज्या फायली पाहिल्या त्यांत ‘काय तपासायचं’ हे कलम पानंच्या पानं भरलेलं असायचं. ‘काय तपासायचं नाही’ आणि ‘कधी थांबायचं’ या दोन ठिकाणी एकेक ओळ, तीही मागच्या फाइलमधली. माझ्या मते प्लॅनचा जीव असतो तो नेमका तिथे.

महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी आम्ही संस्थेच्या ओसरीवर बसलो. चिटणीस काका, खजिनदार, नोंदी भरणारी मुलगी, भाचा आणि मी. मावशींनाही मी आग्रह करून आणलं. त्या म्हणत होत्या, “मला काय कळतंय त्यातलं?” मी म्हटलं, “मावशी, तुम्हाला जे कळतं ते आम्हाला कळलं नाही म्हणून तर हे झालं.”

कॉम्प्युटर उघडलाच नाही. एक फुलस्केप कागद घेतला आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. हे बिघडलं तर कुणाचं नुकसान होईल, आणि किती?

खजिनदार म्हणाले, एकाच तारखेला हॉल दोन लग्नांना दिला गेला तर संस्थेची अब्रू जाईल. नोंदी भरणारी मुलगी म्हणाली, “अर्धी नोंद भरल्यावर लाईट गेली तर? मागे दोनदा गेली होती, मी पुन्हा पहिल्यापासून भरलं, तर नावं दोनदा आली असतील.” आणि पुढे म्हणाली, “मी काही नावं घरून फोनवर बोलून घालते, काही इथे कीबोर्डवर.” अर्ध्या र चं कोडं तिथेच सुटलं. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं. चिटणीस काकांना काळजी ही, की निवडणुकीची मतदारयादी छापली आणि त्यात कुणाचं नाव राहिलं तर भांडणं होतील. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी गेले आणि तुम्हाला कळलंच नाही, आणि माझ्या नावावर पैसे जातच राहिले तर? ते दुसऱ्या कुणाच्या औषधाचे असतील ना.”

बावीस वर्षांत मी हजारो टेस्ट केस लिहिल्या असतील. ही मला सुचली नसती.

त्या रविवारी आमचा प्लॅन झाला. चार पानं, मराठीत, हातानं लिहिलेली. त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या संस्थांत हे काम आज ना उद्या निघणारच आहे.

पहिलं, क्रम. नुकसान जिथे जास्त तिथे आधी. मदत निधी पहिला, मग हॉलचं बुकिंग, मग मतदारयादी, मग वाचनालय. फोटोंचा अल्बम सगळ्यात शेवटी. मी पहिल्या वेळी काय केलं होतं? जे समोर दिसलं ते आधी तपासलं, आणि समोर दिसत होते फोटो.

दुसरं, तपासायला घ्यायची नावं. नोंदणीतली आमच्याच माणसांची चाळीस नावं आम्ही मुद्दाम निवडली. अर्ध्या र ची. ‘बेन’, ‘बाई’, ‘राव’ लागलेली आणि न लागलेली. माहेरचं आणि सासरचं अशी दोन आडनावं चालवणाऱ्या बायका. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ. जन्मतारीख १ जून असलेले बरेच जण, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच लिहिली. ज्यांची जन्मतारीखच नाही असे दोघं. एक वकीलसाहेब, कारण ‘ॲड.’मधला ॲ हाही घोटाळा करतो. यूनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधीचे लोक अ लिहून वर चंद्र द्यायचे आणि आजही कितीतरी जण देतात. दिसायला एकच, आत वेगळे. आणि काळे व काशीकर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, पण यूनिकोडच्या नंबरात तो ल च्या लगेच नंतर बसलाय. नुसत्या नंबरावर यादी लावली तर काळे काशीकरांच्या आधी येतात आणि म्हातारी माणसं नेहमीच्या जागी नाव शोधून परत जातात.

तिसरं, पास-नापास. ‘यादी बरोबर यायला हवी’ असं लिहून भागत नाही, बरोबर म्हणजे काय ते लिहावं लागतं. आम्ही लिहिलं, की जुन्या रजिस्टरातून हातानं काढलेली मदतीची यादी आणि मशीननं काढलेली यादी समोरासमोर ठेवायच्या. माणसांची संख्या आणि एकूण रक्कम, दोन्ही रुपयान् रुपया जुळलं तर पास. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात कुणी एकूण रक्कम मागच्या महिन्याशी ताडून पाहिली असती तर त्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, बेरीज लागते.

चौथं, थांबायचं कधी. जुन्या यादीतलं एक जरी नाव नव्या यादीत कमी आलं तर मशीन बाजूला ठेवायचं, त्या महिन्याचे पैसे रजिस्टरावरून पाठवायचे आणि कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. हा निर्णय नोंदी भरणाऱ्या मुलीनंही घ्यायचा. त्यासाठी चिटणिसांच्या परवानगीची वाट बघायची नाही.

पाचवं, काय तपासलेलं नाही. एकाच वेळी पन्नास लोकांनी उघडलं तर काय होईल, जुन्या फोनवर कसं दिसेल, अल्बममध्ये फोटो हरवतात का, हे आम्ही तपासलेलं नाही, असं स्वच्छ लिहिलं. चिटणीस काका यावर अडून बसले. म्हणाले, “असं लिहिलं तर लोक म्हणतील काम अर्धवट केलं.” मी म्हटलं, काका, तपासणी कधीच पुरी होत नसते. निदान कुठवर गेलोय ते तरी पुढच्या माणसाला कळू दे. बराच वेळ वाद झाला. शेवटी ते पान राहिलं.

मग तपासणी केली. पहिल्याच रात्री चाळीसपैकी अकरा नावं नापास. भाचा वैतागला. “आत्या, तू मुद्दाम असली नावं शोधून आणलीस.” मी म्हटलं, “मुद्दामच आणली. पण आणली घरातूनच ना रे? आपली नावंच अशी आहेत.” दोन दिवस रुसला, मग नेटानं बसला. आता नाव जुळवायच्या आधी दोन्ही रीतींचा र एकाच रीतीचा करून घेतला जातो, आणि प्रत्येक सभासदाला नावाशिवाय एक क्रमांक आहे. मुख्य म्हणजे जे जुळत नाही ते गाळलं जात नाही, वर ठळक येऊन बसतं.

“एवढ्याशा कामाला कशाला प्लॅन?” हे मी या सहा महिन्यांत खूप ऐकलं. माझं म्हणणं असं, की प्लॅन किती मोठा हवा हे सॉफ्टवेअर किती मोठं आहे यावर ठरवू नये, चूक झाली तर कुणाला काय भोगावं लागेल यावर ठरवावं. आमचा चार पानांचाच आहे. आणि नुसतं मोठं काम म्हणून ते नीट तपासलं जातं असंही समजू नका. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण चाळीस सेकंदांत फुटलं. त्यातल्या दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ वरून घेतलेलं होतं. नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता, त्यामुळे एक मोठा आकडा लहान जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशीत निघालं की त्या यंत्रणेला एरियान ५ च्या खऱ्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन कुणी तपासलंच नव्हतं. जुन्यावर चाललं होतं, मग नव्यावर का नाही चालणार? तिथेही कुणीतरी आपापल्या भाषेत ‘चालशे’ म्हणालंच की.

दुसरा आक्षेप तरुण मुलांचा. “आत्या, आता ॲजाइल आहे, कागदपत्रं कोण करतं?” ॲजाइलचा जाहीरनामा २००१ साली सतरा जणांनी मिळून लिहिला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, असं त्यात आहे, आणि कागदालाही मोल आहे हेही तिथेच मान्य केलंय. पण ‘चालणारं’ म्हणजे काय हे कुणीतरी आधी ठरवायला हवं ना? तेवढंच तर मी मागतेय.

तिसरा आक्षेप सगळ्यात नवा. “एआयला सांग, एका मिनिटात प्लॅन देईल.” मी सांगून पाहिलं. खरंच दिला. सगळी कलमं जागच्या जागी, माझ्या जुन्या ऑफिसात तर तिघांच्याही सह्या झाल्या असत्या. अर्ध्या र बद्दल विचारल्यावर तेही छान समजावून सांगितलं. पण विचारल्यावर. आमच्याकडे ‘बेन’ लागतं, आमच्या मावशी मागायला येत नाहीत, आमच्याकडे लाईट गेली की नोंद दोनदा भरतात, हे त्याला ओसरीवर न बसता कसं कळणार? कलमं त्याच्याकडून जरूर लिहून घ्या, वेळ वाचतो. पण त्या कलमांत काय भरायचं ते आपल्या माणसांना विचारूनच लिहावं लागतं.

आणि हे काही परक्या मुलखातून आणलेलं शहाणपण नाही. आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, ते काय एका फर्मानानं सगळ्या राज्यात? नाही. आधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं. मग १९०६ मध्ये सबंध राज्याला लागू केलं. मध्ये तेरा वर्षं गेली. हुकूम काढायची ताकद असलेला राजा आधी एका कोपऱ्यात करून बघतो, आणि आपण मात्र दसऱ्याचा मुहूर्त चुकेल म्हणून घाई करतो.

आता या समूहातल्या बाकीच्या गावांसाठी. आमची चाळीस नावं तुम्हाला जशीच्या तशी चालणार नाहीत. इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांनी ळ ची नावं घ्यावीत, कारण हिंदी कागदांवर काळ्यांचे ‘काले’ झालेले असतात आणि मुळ्यांचे ‘मुले’. बेळगावकडच्यांच्या घरात एक कागद मराठी, एक कन्नड, एक इंग्रजी, आणि तिन्हींवर नाव थोडं थोडं वेगळं. हैदराबादेत मी स्वतः पाहिलंय, की अर्जात आडनावाच्या जागी आद्याक्षर लिहायची सवय असलेले कारकून आपल्या तीन शब्दी नावाचं काय काय करतात. ही यादी बाहेरचा कुणी करून देणार नाही. ती तुमच्या गावातल्या, तुमच्या रजिस्टरातच आहे. काम सुरू करायच्या आधी एक रविवार काढा, ज्याच्यावर बेतणार आहे अशा एका माणसाला बोलवा, आणि ‘कुणाचं नुकसान होईल’ हा प्रश्न मोठ्यानं विचारा.

आमचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. गुढीपाडव्यापासून दोन महिने रजिस्टर आणि मशीन दोन्ही बरोबरीनं चालवलं. दोन्ही महिने रुपयान् रुपया जुळला. सगळे खूश. तिसऱ्या महिन्यात भाच्यानं हॉलच्या पावतीत एक छोटासा बदल केला आणि मदतीच्या यादीत एक नाव कमी आलं. नोंदी भरणाऱ्या मुलीनं प्लॅनचं चौथं कलम बघितलं, मशीन बाजूला ठेवलं आणि रजिस्टरावरून पैसे पाठवून दिले. मग मला फोन केला, “ताई, थांबवलंय हं.”

ज्यांचं नाव कमी आलं होतं त्या आजोबांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांचे पैसे वेळेवर गेले.

प्लॅनच्या शेवटी मंजुरीच्या सह्या असतात. आमच्या कागदावर चिटणीस काकांची आहे, खजिनदारांची आहे, आणि मदत निधीच्या कलमाखाली मावशींची. सही करण्याआधी त्यांनी चष्मा लावून चारही पानं वाचली. दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं. मग म्हणाल्या, “आता चालेल.”